मागची काठी

पौषातल्या रविवारी सकाळी साडेसहाला धुरपताबाई तलावाच्या पाळीवर उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "चपला इथंच काढा. पाखरायले चपलेचा आवाज खपत नाही."

कोंढ्याजवळचा हा तलाव लोकांना हिंडवून दाखवायला लागून त्यांना सहा वर्षं झाली होती. त्यांचे वडील सोमाजी इथले पाणकर. कोणाच्या भाताच्या बांधीत किती पाणी सोडायचं ते तेच ठरवत. न पेरता येणारं देवधान कुठे उगवतं, हळदी-कुंकू बदक कोणत्या गवतात अंडी घालतं, हे सगळं धुरपताबाई बापामागे चालत शिकल्या होत्या. आता शहरातली शिकलेली माणसं त्यांना विचारून वहीत लिहून घेत, तेव्हा बहात्तराव्या वर्षीही त्यांची मान ताठ होई.

पाळीवरची रीतही सोमाजींचीच. पुढे एक वाटाड्या, शेवटी एक. पुढच्याने मागे वळून पाहायचं नाही; तो वळला की रांग अडते, आणि रांग अडली की पाखरं उठतात. दर थांब्यावर शेवटच्याने काठी तीनदा आपटायची. सगळे आले, आता चला.

मागची काठी त्यांच्या भाच्याची, अंकुशची. त्याचं घर पाळीला लागूनच होतं. रांग निघाली की तो मागून येऊन मिळे.

आज चौदा पाहुणे होते. त्यांतल्या सरिता मॅडम भंडाऱ्याहून तपासणीला आल्या होत्या. फेरीचा परवाना पुढे द्यायचा की नाही, हे आज त्यांच्या हातात होतं. अट एकच, दोन वाटाडे हवेत. नसतील तर फेरी बंद.

"मी शेवटी चालते," मॅडम म्हणाल्या.

"चाला ना. मांगं आमचा माणूस असते."

धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. कमळांपाशी पहिला थांबा झाला. मागून आवाज आला. ठक्, ठक्, ठक्.

धुरपताबाई क्षणभर थबकल्या. अंकुशची काठी बांबूची, पोकळ वाजे. ही जड वाजली होती, चिखलात रुतून वर यावी तशी. नवी काठी केली वाटते, असं म्हणून त्या पुढे झाल्या.

दुसरा थांबा तुडुमाचा. पाळीच्या पोटातून पाणी सोडायची ती दगडी वाट. "महापुराच्या साली पाळ फुटाले आली होती," त्यांनी सांगितलं. "माहा बाप यातून खाली उतरला, पाणी मोकळं केलं. गाव वाचलं. काठी सापडली, तो नाही सापडला." हे सांगताना त्यांचा आवाज कधीच कापत नसे. आजही कापला नाही.

ठक्, ठक्, ठक्.

पुढे चक्रवाकांचा थवा अगदी काठाला बसला होता. हात लांबवला तर लागेल इतका जवळ. एकही पाखरू उठलं नाही. ती माणसांकडे पाहतच नव्हती. सगळ्यांच्या माना रांगेच्या शेवटाकडे वळलेल्या होत्या.

धुरपताबाईंनी मागे पाहिलं नाही.

फेरी संपली. पाळीच्या टोकाच्या झोपडीत येऊन मॅडमनी फेरीच्या नोंदवहीत सही केली. तीन वर्षांचा परवाना.

"आजी, तुमचा मागचा माणूस फार चांगला आहे. तुडुमाजवळ दगड हलत होता, तर दंडाला धरून बाजूला घेतलं मला. हात मात्र बर्फासारखे!" त्यांची बाही अजून ओली होती. "सारखे विचारत होते, धुरपी थकली का?"

धुरपी म्हणणारं आता गावात कोणी उरलं नव्हतं.

मॅडमची गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा अंकुश मोटरसायकल ढकलत आला. घामाने भिजलेला.

"मावशी, सासऱ्याच्या घरून पहाटेच निघालो, तं फाट्यावर गाडी पंचर! तुले किती फोन लावले."

फोन झोपडीतल्या पेटीत बंद होता. फेरीत फोन नेत नसत.

"आज मांगं कोणाले ठेवलं मंग? परवाना गेला का आपला?"

मॅडमना फोन करावा, खरं सांगावं, असं धुरपताबाईंच्या मनात आलं. मग त्यांनी वही उघडली. मागच्या वाटाड्याच्या रकान्यात सही नव्हती. चिखलाचा अंगठा होता.

"नाही गेला," त्या म्हणाल्या. "दोघं होतो."

पुढच्या रविवारी अंकुश उजाडायच्या आधीच काठी घेऊन हजर झाला. पाहुणे चपला काढत होते. धुरपताबाईंनी तारीख घालायला वही उघडली.

"मावशी, मी मांगं राहू ना?"

आजच्या कोऱ्या ओळीत चिखलाचा अंगठा उठलेला होता. त्यांनी बोट टेकवून पाहिलं. ओला होता.

त्यांनी वही मिटली, पदर खोचला, मान ताठ केली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू मधात चाल."