कमानीचं माप

ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे. तो मोजणी खात्यात सर्वेअर. उभं आयुष्य टेप ताणण्यात गेलं. एक बायको सोडली, तर कुणाला भ्यायचा नाही.

तीन वर्षांपूर्वीची तेवीस नोव्हेंबर. बुधवार, अमावस्या. त्याला एका बेटावर पाठवलं होतं. तिथे किनाऱ्यावर खडकाची प्रचंड कमान आहे, समुद्राने पोखरून पोखरून आपोआप झालेली. ती बघायला येणाऱ्यांसाठी पायवाट काढायची होती. त्याआधी कमानीची रुंदी आणि भेगा मोजून आण, एवढंच काम. पण कमानीखालची जागा फक्त ओहोटीला उघडी पडते, आणि त्या दिवशी ओहोटी पूर्ण होणार होती संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

बेटावरच्या लोकांनी पहिल्यापासूनच तोंड फिरवलं. टेपचं दुसरं टोक धरायला एकही माणूस तयार होईना. दुकानदार काटा पुसत म्हणाला, "इतकी वर्षं उभी आहे. तिला मोजल्यावाचून कुणाचं अडलंय?" ज्या घरी साडू उतरला होता, तिथल्या मावशींनी समोर ताट ठेवलं आणि आतलं दार लावून घेतलं. साडूने मनात म्हटलं, गेलात उडत. आणि एकटाच निघाला.

तासभराची वाट, सगळी काळ्या खडकांवरून. कातळ असा, की हात टेकला तर सोलून निघावा. दोनदा पडला. कमानीपाशी पोचला तेव्हा अंधार पडलेला. कपाळाला बॅटरी बांधली होती, पण वर पाहिलं तर उजेड छतापर्यंत पोचेना. त्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

त्याने टेपचं टोक एका बाजूला दगडाखाली दाबलं. रीळ सोडत पलीकडच्या भिंतीशी आला. टेप ताणली. आकडा वाचायला मान खाली घातली, तोच समोरून कुणीतरी म्हणालं,

"एकतीस फूट."

त्याने पाहिलं. बरोबर एकतीस. वहीत लिहूनही टाकलं. सवय हो, दुसरं काय? टोकावर मदतनीस असायचाच रोज.

मग पेन थांबलं.

आपण एकटे आलोय.

त्याने हळूच मान वर केली. टेप उजेडात चार हात दिसत होती. पुढे अंधारात गेलेली... आणि ताठ. दगडाखाली दाबलेली टेप इतकी ताठ राहत नाही.

"सत्तावीस."

हातातलं रीळ फिरायला लागलं. आपोआप. टेप आत येत होती.

"बावीस."

आवाज चढत नव्हता. उतरत नव्हता. पावलं वाजत नव्हती.

"कोण आहे?" साडूने विचारलं.

...

"चौदा."

रीळ सोडावं, तर बोटं उघडेनात. पाठीमागे भिंत.

"नऊ."

बॅटरी पिवळी झाली.

"चार."

...

विझली.

पुढचं त्याला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तो खडकांवरून पळतोय, गुडघे फुटलेत, आणि मागून कुणी येत नाहीये. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली, म्हणाला.

मावशींचं दार वाजवलं. त्यांनी उघडलं. याच्याकडे पाहिलंच नाही. याच्या मागे पाहिलं.

"दोघांना जागा नाही आमच्याकडे," म्हणाल्या. आणि कडी घातली.

सगळी रात्र धक्क्यावरच्या दिव्याखाली काढली त्याने. पहाटे होडीवाल्याने नेलं, पण त्याला पार पुढच्या टोकाला बसवलं. सबंध वाट होडीवाला त्याच्या पाठीकडे बघत होता.

घरी आल्यावर मेहुणीने त्याचा शर्ट धुवायला घेतला. एकदा धुतला. दोनदा. तिसऱ्यांदा धुतला आणि मला बोलावून घेतलं.

तो शर्ट मी या हातांत धरून पाहिलाय. पाठीवर मिठाच्या दोन पांढऱ्या रेघा. एक या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. दुसरी मानेपासून कमरेपर्यंत. आखल्यासारख्या सरळ...

आणि दर इंचाला एक बारीक खूण.