आईचा रक्तगट

रक्ताच्या नात्याचं कौतुक कानावर आलं की लॅबवालीचं डोकं फिरायचं. आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं होतं तिनं. त्यात नातं कधी दिसलं नाही, दिसल्या त्या गुठळ्या. तिची भिंगरी तिच्या पोटची नव्हती. अनाथालयातून तान्ही आणलेली. पोरीला ते माहीत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता पोर तेरा वर्षांची झाली.

मग शाळेत शिकवलं: आईबाप दोघं ओ गटाचे असले तर मूल ओच. सुट्टीच्या दिवशी भिंगरी लॅबमध्ये येऊन बसली.

"तुम्ही दोघं ओ. आता माझं बघ."

लॅबवालीनं ते कधीच बघून ठेवलं होतं. एबी.

"बघू की," ती म्हणाली. आता लपवायचं नाही, असं नवराबायकोत ठरलं होतं. चष्म्याचं दुकान चालवणारा नवरा दाराशी उभा राहून स्वतःचा चष्मा पुसत होता. पुसतच होता.

पांढऱ्या टाइलवर तिनं पोरीच्या रक्ताचे दोन थेंब घेतले. एकावर गट ओळखायचं निळं सीरम, दुसऱ्यावर पिवळं. काडीनं ढवळलं, टाइल हलवली. एबीचं रक्त दोन्हीकडे नासल्या दुधासारखं फाटायला हवं.

दोन्ही थेंब गुळगुळीत राहिले. ओ.

"तू बाटल्या बदलल्यास?" तिनं नवऱ्याला हळूच विचारलं.

"मला त्यातलं काय कळतंय? तुझी शपथ."

"काय कुजबुजताय? ओच ना?" भिंगरी म्हणाली. "वर्गातली ती नकटी म्हणते, माझं नाक तुमच्यात कुणावरच गेलं नाही. स्वतःला आधी नाक आहे का बघ म्हणावं. आई, आण आता तुझं बोट."

लॅबवालीला हसू आलं, रडूही. सीरम जुनं होऊन मेलं असेल, दुसरं काय. तिनं बोट पुढं केलं. पोरीनं टोचलं, अगदी आईसारखं, कडेला, दुखू नये असं.

निळा थेंब फाटला.

पिवळाही.

सीरम जिवंत होतं.

लॅबवालीनं स्वतःच्या दुसऱ्या बोटाला टोचलं. मग तिसऱ्या. तेच.

"एबी," भिंगरी वाकून म्हणाली आणि खुदकन हसली. "बाबा, ही आपली नाहीच की."

नवरा हसला नाही.

आई चौथं बोट टोचायला लागली. भिंगरीनं उठून तिचं डोकं छातीशी धरलं, केसांवरून हात फिरवला, कानाशी पुटपुटली, "घाबरायचं नाही हं, बाळा. आता हेच तुझं घर."

अनाथालयातून घरी येताना लॅबवाली हेच म्हणाली होती, याच शब्दांत, त्या तान्ह्या कानात. शेजारी बसलेल्या नवऱ्यालासुद्धा ते ऐकू गेलं नव्हतं.