बोलावलेलं वारं

तुमच्या या खोलीत पंखा बंद आहे, खिडक्याही लावलेल्या आहेत ना? मग सांगतो.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. पवनचक्कीसाठी वारा मोजून द्यायचं माझं काम. उचगावच्या विजयसिंहांची फाउंड्री वीजबिलानं मेटाकुटीला आली होती. पठारावरच्या त्यांच्या वडिलोपार्जित खळ्यावर पवनचक्की घातली, तरच भट्टी पेटती राहणार होती. बँक म्हणाली, वर्षभर वारा मोजा, सरासरी भरली तर कर्ज देऊ.

वर्ष संपत आलं, सरासरी काही भरेना. एका दुपारी आम्ही पठारावर गेलो. मोजणीच्या खांबावरच्या, वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्या ढिम्म हलत नव्हत्या. विजयसिंह खांबाच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर चढले, उपणणीचं सूप धरावं तसे हात वर केले आणि त्यांचे आजोबा याच खळ्यावर धान्य उपणताना वाऱ्याला घालायचे तशी हाक घातली, "ये गं बाई... ये..."

आणि वारं आलं. आधी वाळल्या गवताचा वास, मग वाट्यांची घरघर.

गुरं राखणारा केरबा पुढं आला. "मालक, बोलावलासा खरं... आता वारं पडस्तवर उतरू नगासा. खळ्याचा रिवाज हाय."

"मग काय रातभर हितंच उभा ऱ्हाऊ व्हय?" विजयसिंह हसले आणि खाली उतरले.

त्या दिवसापासून वारं वाहतच राहिलं. सरासरी भरली, कर्ज मिळालं. पवनचक्की फिरू लागली, ती थांबलीच नाही.

पुढच्या मे महिन्यात त्यांच्या ऑफिसात गेलो. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, मी घामानं निथळत होतो. टेबलावर सगळ्या कागदांवर वजनं ठेवलेली. समोर बसलेल्या विजयसिंहांचे केस मात्र भुरुभुरु उडत होते. मला भीती वाटली, आणि त्यांची फार दयाही आली.

"वारं पडंना झालंय ओ... झोपंतबी कानात घोंगावतंय."

"पठारावर जा. पुन्हा उभे राहा, पडेपर्यंत."

त्यांनी उडणारे केस मागं सारले. "आनि पडलंच, तर भट्टी विझंल की. ऱ्हाऊ दे..."

तीन वर्षांनी ते गेले. भेटायला गेलो, तेव्हा तसबिरीपुढची समई अगदी सरळ जळत होती. सुटला बिचारा, असं मनात आलं आणि मला बरं वाटलं.

त्यांची लेक अनुजा चहा घेऊन आली. "काका, भट्टी आता मीच बघनार. कालच बँकेत सह्या करून आले."

समईची ज्योत जराही हलली नव्हती. अनुजानं मात्र फडफडणारा पदर खांद्याशी घट्ट दाबून धरला होता.