हरकत असेल त्यानं उभं राहावं

एस्तेरच्या दोन्ही हातांत अंड्यांची परडी होती, म्हणून वाचला तो. नाहीतर त्या दिवशी मच्छिंद्र गवंड्याची काही धडगत नव्हती.

झालं असं, की ती देवळाच्या दारातून आत पाऊल टाकतेय तोच वरून ओल्या चुन्याचा गोळा सुटला आणि थेट तिच्या टाळूवर आदळला. केसांत, कपाळावर, भुवयांवर... नुसता चुना!

"कोण मेला वर बसलाय?" ती किंचाळली.

"डोळे मिटा! बिलकुल उघडू नका!" परांचीवरून धपकन उडी मारून कोणीतरी समोर आलं. "चुना हाय, डोळ्यात गेला तर आग करतो. मान खाली घ्या... आणखी थोडी... हां, अशी."

गार पाण्याची धार कपाळावरून गालांवर उतरली. एका हातात तांब्या, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तो तिच्या भुवया पुसत होता. बोटं इतकी खरखरीत, तरी किती हळू चालत होती! पुसून झालं तरी तिनं डोळे लगेच उघडले नाहीत. खोटं कशाला सांगा?

"ही अंडी कोणाची?" त्यानं विचारलं.

"देवाची. देवळाच्या कामासाठी घरोघरी फिरून आणलीत. उद्या बाजारात विकायची आहेत."

"विकू नका, मला द्या. शेवटच्या गिलाव्यात अंड्याचं पांढरं घातलं की भिंत अशी चकाकती..."

"वा! आधी डोक्यावर चुना, आता अंडी पण? देवाची आहेत म्हटलं ना!"

"मंग भिंत काय माझ्या बापाची हाय?"

ती हसली. हसायला नको होतं, पण हसली.

ते देऊळ म्हणजे शालेमवाडीचं चर्च. आष्टीकडच्या रस्त्यावरच्या या छोट्याशा ख्रिस्ती वस्तीत चर्चला सगळे देऊळच म्हणत. मिशनच्या काळातली जुनी दगडी इमारत ती. किल्लारीला धरणी हलली तेव्हा इथं नुसती भांडी वाजली. पण वेदीमागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आणि छपराच्या तुळया सरकल्या. मिशन कधीच निघून गेलेलं, सरकारला या देवळाचा पत्ता नाही. मग वस्तीनंच कंबर कसली. भाकरीचं पीठ घेण्याआधी प्रत्येक घरची बाई एक मूठ ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकायची. ती ज्वारी, अंडी, कोंबड्या, जे मिळेल ते दर शनिवारी गोळा करायचं काम एस्तेरकडं होतं. ती बालवाडीची बाई, आणि मुख्य पंच तातेरावांची एकुलती एक लेक. चुन्याचं जुनं काम येणारा माणूस मात्र वस्तीत कोणीच नव्हता, म्हणून राजूरहून या मच्छिंद्रला आणलं होतं.

पोळा झाला, गणपती झाले. आठवड्यात शनिवार एकच का असतो, असं एस्तेरला वाटू लागलं. देवळामागं घाणीला बैल जुंपलेला असायचा, दगडी चाकाखाली चुना मळला जायचा, आणि त्यात घातलेल्या बेलफळाचा नि गुळाचा गोडसर वास आवारभर पसरलेला असायचा. ती आली की मच्छिंद्र गुळाचा खडा पुढं करायचा.

"चुन्यातला गूळ खाऊन टाकलात तर भिंत पडेल," ती म्हणायची.

"पडू द्या. मंग आणखी सहा महिने काम निघंल."

असं बोलून तो असा काही बघायचा, की बाईसाहेबांना ज्वारीची पोती मोजायची सुधरायची नाहीत.

पण दसऱ्याच्या सुमाराला एक गोष्ट घडली. चुन्याचं काम फार हळू चाललंय, उरलेलं सिमेंटनं उरकून टाकू, असं काही जणांच्या मनात आलं. देवळातच सभा भरली. तातेराव म्हणाले, "चुनाच ठेवायचा असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करावा." सगळ्यांत आधी हात वर गेला तो मच्छिंद्रचा. बिचारा दारात उभा होता, थापी हातात तशीच.

"ए बाबा, हात खाली घे!" तातेराव ओरडले. "तू मजुरीचा माणूस. इथं मंडळीतल्यानंच, देवळाच्या सभासदानंच हात वर करायचा. उद्या तू प्रार्थना पण सांगशील!"

सगळं देऊळ हसलं, आणि एस्तेरही हसली. का हसली, देव जाणे. चार माणसं हसली की माणूस हसतं. मग तीच उभी राहिली आणि सिमेंट या दगडाला धरत नाही, भिंत फुगते, हे तिनं सगळ्यांना पटवलं. चुना राहिला. पण मच्छिंद्रचा हात खाली आला होता तो आलाच होता.

"लागलं का हो तुम्हाला?" तिनं पुढच्या शनिवारी विचारलं.

"छे! बराबर बोलले पंच. मी कुठं तुमच्यातला हाय?" तो म्हणाला आणि घाणीच्या बैलाला उगाच हाकलू लागला.

नोव्हेंबरात सुगीचा सण आला. त्या दिवशी शेतातलं पहिलं पीक देवापुढं आणतात आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव करतात. ज्यानं घेतलं त्यानं ते पुन्हा मेजावर ठेवायचं, म्हणजे पुन्हा बोली लागते. एकच भोपळा पाच वेळा विकला जातो आणि देवळाच्या पेटीत भर पडते. लिलावात मात्र कोणाचाही हात चालायचा. पैशाला कसली आलीय मंडळी?

एस्तेरनं कारळाच्या चटणीची बरणी ठेवली होती. मच्छिंद्रनं बोली लावली. पाहुणे म्हणून आलेले नगरचे वसंतराव मास्तर, त्यांनी वर चढवली. मच्छिंद्रनं आणखी चढवली. शेवटी आठवड्याची मजुरी ओतून त्यानं बरणी उचलली.

"ठेव परत! मेजावर ठेव!" लोक ओरडले.

"न्हाई," तो म्हणाला. "ही मी घेऊन चाललो."

एस्तेरचे कान तापले. केशरआत्यानं, तातेरावांच्या बहिणीनं, तिच्याकडं रोखून पाहिलं.

ऊन कलल्यावर ती घाणीपाशी गेली. "एवढी महाग चटणी कोणी खातं का?"

"खाणार कोण हाय? ठेवणार हाय." आणि मग एकदम म्हणाला, "एस्तेर..."

आजवर तो 'बाई' म्हणायचा. नुसतं नाव पहिल्यांदाच!

"माझ्या अप्पांना विचारा," ती घाईघाईनं म्हणाली. "आजच विचारा."

"आज विचारलं तर म्हणतील, कामावर येऊन पोरीवर डोळा ठेवला. काम बी जाईल, अन् तुमी बी. नाताळापर्यंत काम पुरं होतंय. देऊळ उभं करतो, मंग ताठ मानेनं विचारतो. चालंल ना?"

"चालेल," ती म्हणाली. तिथंच चुकली बाई! त्याच आठवड्यात वसंतरावांकडून मागणी आली आणि तातेरावांनी हो म्हणूनही टाकलं. माणूस सज्जन, नोकरी पक्की, नाव ठेवायला जागा नाही. नव्या देवळातलं पहिलं लग्न आपल्या लेकीचं, याच आनंदात तातेराव होते. बापापुढं तोंड उघडायची एस्तेरची छाती झाली नाही. साखरपुडा झाला. शनिवारची फेरी बंद झाली, आणि केशरआत्या तिला क्षणभर एकटी सोडेना.

पण एस्तेरच्या मनात एक आशा होती. ख्रिस्ती लग्नाची रीत अशी, की आधीचे तीन रविवार पाळकसाहेब उपासनेत नावं वाचतात आणि विचारतात, "या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगावं." हे नुसतं म्हणायचं म्हणून नसतं. दोन वर्षांमागं वस्तीतल्या कचरूची नावं वाचली तेव्हा परतूरची एक परकी बाई दारातून आत आली, उभी राहिली, बोलली... आणि लग्न मोडलं. वस्तीतल्या लहान पोरालाही हे माहीत होतं.

तो उठेल, एस्तेरला वाटलं. उठेलच!

पहिल्या रविवारी नावं वाचली. मच्छिंद्र दारात उभा होता, कोपरापर्यंत चुन्यानं पांढरा. पाळकसाहेबांनी विचारलं. तो खाली बघत राहिला.

दुसऱ्या रविवारी तिनं मान वळवून सरळ त्याच्याकडं पाहिलं. ऊठ ना... ऊठ! तो नुसता नख खरवडत राहिला.

तिसऱ्या रविवारी तिनं पाहिलंच नाही. कानात प्राण आणून ऐकत राहिली. कोणी खोकलं. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी घरी येऊन तिनं उशीत तोंड खुपसून त्याला शिव्या घातल्या. भ्याड! भित्रा मेला!

लग्नाच्या आदल्या दुपारी देवळात फुलं लावायला ती आणि आत्या गेल्या. आत्या सुतळी आणायला घरी वळली, तेवढ्यात एस्तेरनं त्याला गाठलंच. तो कुंचले धूत बसला होता.

"तीन रविवार!" तिचा आवाज फाटला. "तीन वेळा विचारलं तुम्हाला. तोंडात काय गूळ धरला होता?"

"मला?" तो उठून उभा राहिला. "मला कधी विचारलं?"

"हरकत असेल त्यानं उभं राहावं, हे ऐकू येत नव्हतं?"

"ते तर मंडळीला असतंय ना? मी कुठं मंडळीतला हाय? मला वाटलं, मी उठलो तर पुन्हा सगळे..." तो थांबला. "...हसतील. तुमीबी."

 एस्तेरनं डोळे पुसले.

"ऐका. उद्या लग्न लागताना शेवटचं विचारतात. कोणीही उठू शकतं, कोणीही! तुम्ही मागच्या बाकावर बसा. मी मान वर करून तुमच्याकडं बघेन. बघितलं की उठायचं. हसलं तर हसू दे जग."

"तुमी बघाल?"

"बघेन."

"मंग मी उठलोच म्हणून समजा!" तो हसला. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा हसला होता, आणि तिला वाटलं, झालं... जमलं सगळं.

दुसऱ्या दिवशी देऊळ पाय ठेवायला जागा नाही एवढं भरलं. भिंती खरंच चकाकत होत्या. मच्छिंद्र इस्त्रीचा सदरा घालून मागच्या बाकावर बसला होता. तातेरावांनी लेकीला हाताला धरून वेदीपाशी आणलं आणि मंडळीकडं तोंड करून उभं केलं. दुखऱ्या गुडघ्यांनी ते गावोगाव वर्गणी मागत हिंडले होते, आणि आज त्यांचे डोळे भरून आले होते.

पाळकसाहेबांनी विचारलं, "या दोघांच्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्यानं आता उभं राहावं."

मान वर करायची. एवढंच तर होतं! पण तिला आत्या दिसली, मुठीमुठीनं ज्वारी देणाऱ्या बाया दिसल्या, शेजारी उभा असलेला तो निरपराध मास्तर दिसला. अप्पांचा हात तिच्या दंडावर होता. आता नाही, एक क्षण थांबू... आता... पाळकसाहेब थांबले होते, नेहमीपेक्षा जास्तच थांबले होते. मागचं बाक करकरलं. मच्छिंद्र पुढं सरकला होता, वाट बघत होता. एस्तेर आपल्या पायाच्या बोटांकडं बघत राहिली.

"पुढं चालू या," पाळकसाहेब म्हणाले.

लग्न लागलं. शेवटी तातेराव माईकपाशी आले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "ज्यानं आपलं देऊळ उभं केलं, त्याला आज सगळ्या मंडळीनं बघितलं पाहिजे. मच्छिंद्र, बेटा, उभा राहा!"

तो उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीही हसलं नाही. कोणीतरी त्याच्या खांद्यावर शाल घातली. आता कुठं एस्तेरनं मान वर केली. तो तिच्याकडं बघत नव्हता. नारळ हातात धरून सगळ्यांना नमस्कार करत होता.

नगरला जाणाऱ्या जीपमध्ये वसंतरावांनी काळजीनं विचारलं, "घराची आठवण येतेय का?" ती हो म्हणाली. तिसऱ्या रविवारी तिनं ज्याला भ्याड म्हटलं होतं, त्याला आता तसं म्हणायला तिला तोंड उरलं नव्हतं.