रविवारची मॅडम

शंतनु पहिल्यांदा भेटला तो शिंकतच.

एप्रिलमधला रविवार होता. लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या भाजण्याचा खमंग ठसका सुटला होता, मसाला कुटणाऱ्या डंकांची धडधड चालू होती, आणि मनवा आपल्या हेरिटेज वॉकच्या मंडळींना गिरणगावाची गोष्ट सांगत होती. तेवढ्यात मागून एकामागोमाग अशा शिंका आल्या की तिचं वाक्यच मोडलं. ती वळली. लालबुंद नाकाचा, हातात रिकामी पिशवी घेतलेला हा तरुण आपल्या मंडळींपैकी नव्हे, हे तिने लगेच ताडलं.

"सॉरी," तो म्हणाला. "आईने मसाला कुटायला पाठवलंय. नंबर यायला वेळ आहे म्हणतात. तोवर... मी ऐकलं तर चालेल?"

"आमच्या वॉकला तिकीट असतं."

"शिंकणाऱ्याला काही सवलत?"

"शिंकणाऱ्याने मागे राहायचं."

तो मागे राहिला, पण नुसता म्हणायला. भारतमाता टॉकीजपाशी येईपर्यंत तो मनवाच्या शेजारी होता. ठाकूरद्वारचा होता, एका विमा कंपनीत कामाला होता, आणि प्रश्न विचारून भंडावत होता. गिरणीतली पाळी संपवून कामगार तोंडाला रंग लावून नाटकात कसे उभे राहायचे, हे मनवा सांगू लागली तेव्हा मात्र तो गप्प झाला. ऐकताना तो तिच्याकडे इतका टक लावून बघत होता की तिला सारखी ओढणी सावरावीशी वाटू लागली.

पुढची नेहमीची गल्ली नेमकी पाइपलाइनसाठी खणून ठेवलेली होती. दुसरी वाट एकच, एका चाळीच्या आवारातून. ती चाळ मनवाची स्वतःची होती.

हे वॉकमधल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. कामाला लागली तेव्हा तिने प्रितीला, म्हणजे हे वॉक चालवणाऱ्या बाईंना, खरं ते सांगायला सुरुवात केली होती. पण "चाळीतले लोक अजून तसेच राहतात का गं? किती ऑथेंटिक!" असं प्रिती कौतुकाने म्हणाली आणि मनवाच्या तोंडून निघून गेलं, "मी दादरला राहते, हिंदू कॉलनीत." काचेच्या कपाटातली वस्तू व्हायचं नव्हतं तिला. तेव्हापासून तिने वॉकचा रस्ताच असा आखला होता की आपली चाळ बाजूला राहावी.

तळमजल्याच्या गॅलरीत तिची आई, मालन, मिरच्यांची देठं काढत बसली होती. अंगात मॅक्सी, खांद्यावर टॉवेल. लेक एवढ्या माणसांना घेऊन दारात आलेली पाहून तिचा चेहरा उजळला. ती लगबगीने आत गेली आणि ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन आली. सगळ्यांनी पाणी घेतलं. मनवाकडे सगळे बघत होते, शंतनुसुद्धा.

"थँक यू, काकू," मनवा म्हणाली.

मालनचा हात जरासा थांबला. मग तिने शेवटचा पेला पुढे केला. "तुम्ही पण घ्या, मॅडम."

मनवाने पेला तसाच हातात धरून ठेवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. बाकी कोणाला काही कळलं नव्हतं. शंतनु तर उकिडवा बसून मालनशी गप्पा मारत होता. "काकू, आमच्या मसाल्यात काय कमी-जास्त करू?" मालन त्याला समजावत होती, "दगडफूल बेतानंच घाल हां, नायतर कडू होतो." तिने पुन्हा वर पाहिलं नाही. त्या दिवशी घरी गेल्यावरही दोघींपैकी कोणी तो विषय काढला नाही.

पुढच्या रविवारी शंतनु रीतसर तिकीट काढून आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला.

"तेच तेच ऐकून कंटाळा नाही येत?" तिने विचारलं.

"इतिहास एकदा ऐकून कळत नाही म्हणतात. त्यात मी जरा मंद."

मग एका संध्याकाळी त्याने तिला आपलं गिरगाव दाखवलं. झावबाच्या राममंदिरात दोघं शेजारी शेजारी बसली, साहित्य संघाच्या नाट्यगृहासमोर उभी राहिली. "इथे पहिल्या रांगेत बसून मी अख्खं नाटक झोपलोय," त्याने अभिमानाने सांगितलं आणि ती इतकी हसली की पानवाला बघायला लागला. ती हसत असताना त्याने हळूच तिची करंगळी धरली. तिने... सोडवून घेतली नाही.

मग भेटी वाढल्या. पण दर वेळी परतताना तो तिला सोडायला दादरला यायचा. मग मनवा हिंदू कॉलनीतल्या कुठल्यातरी फाटकातून आत शिरायची, तो दिसेनासा झाला की बाहेर यायची आणि बस पकडून लालबागला जायची. वॉचमन हल्ली तिच्याकडे संशयाने बघू लागला होता. त्याचं चुकत नव्हतं. बसच्या खिडकीशी बसल्यावर तिला स्वतःचीच किळस यायची.

एका शनिवारी त्याच फाटकाशी शंतनुने पिशवीतून डबा काढला.

"आईने नारळाच्या वड्या दिल्यात. त्या चाळीतल्या काकूंसाठी. मसाला असा झालाय की आई मला पहिल्यांदाच हुशार म्हणाली. उद्या नेऊन देतो. आणि मनवा... आईला तुझ्याबद्दल सांगितलंय. आता तुझ्या घरी मी कधी येऊ?"

त्याच्या डोळ्यांत इतका भाबडा आनंद होता की पुढचं खोटं तिच्या ओठांवर येईना.

"त्या काकू नाहीत," ती म्हणाली. "माझी आई आहे."

तो आधी हसला. तिचा चेहरा पाहून मग थांबला.

"त्या तुला मॅडम म्हणाल्या होत्या."

"हो."

"म्हणजे त्यांनी... तुला सांभाळून घेतलं?"

तिने नुसती मान हलवली. त्याने काहीतरी लागट बोलावं, असं तिला वाटत होतं. तो बोलला नाही, हे जास्त लागलं.

"उद्या डबा द्यायला मी येणार," शेवटी तो म्हणाला. "तिथे माझी ओळख कोण करून देणार, ते तू ठरव."

घरी आल्यावर मनवा आईच्या समोर बसली आणि हुंदका दाबत म्हणाली, "आई, त्या दिवशी मी तुला काकू म्हटलं."

"ता काय मनात धरलंस? मीच मॅक्सीवर भायर आले गो. तुझ्या मानसांसमोर जरा साडी नेसायला हवी होती." मालन लसूण सोलत राहिली. "आता नाय होणार तसा. रखमाला, वरच्या जगदीशला, सगळ्यांना सांगून ठेवलंय. रविवारी मनू दिसली तरी हाक मारायची नाय."

अख्खी चाळ तिची लाज राखत होती, आणि तिला पत्ता नव्हता. त्या रात्री तिला आईच्या तोंडाकडे बघवेना.

रविवारी खणलेली गल्ली बुजवून मोकळी झाली होती. तरी मनवाने मंडळींना चाळीच्या आवारात वळवलं. शंतनु डबा घेऊन सगळ्यांच्या मागे चालत होता. नळावरच्या रखमामावशीने तिला पाहिलं आणि शहाण्यासारखी मान फिरवली. जगदीशकाका पेपरमागे गेले. आणि मालनने, मंडळी दिसताच, आतून दार लोटून घेतलं.

मनवाचे कान तापले. तिने दार वाजवलं. "आई."

दार किलकिलं झालं. "अगो, मागे लोक हायत," मालन कुजबुजली.

"असू देत." ती मंडळींकडे वळली. "ही माझी आई. मी याच खोलीत लहानाची मोठी झाले. मागे एकदा वॉकच्या मंडळींना हिने पाणी दिलं होतं, आणि मी... मी हिला ओळख दाखवली नाही."

मग मागून शंतनु पुढे आला, डबा मालनच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला.

"मी शंतनु. तुमच्या मुलीशी लग्न करायचं म्हणतोय. म्हणजे... तिला अजून विचारलेलं नाही."

मालनने त्याला नीट न्याहाळलं. इतके दिवस गिळलेलं तिच्या ओठांवर आलं, अर्धं हसू होऊन.

"कर बाबा. पण चार मानसांत ती ओळख दाखवेल ना तुला?"

रखमामावशी नळावरून खुदकन हसली. मनवाचे डोळे भरून आले. लाजेने तिला मान वर करवत नव्हती. तशीच, मान खाली घालून, तिने अख्ख्या चाळीदेखत शंतनुचा हात धरला.