चार मिनिटांचा नुसता आवाज

त्या मंगळवारी दीपमालानं डब्यात घेवड्याची भाजी नेली होती. सांगलीतल्या ऑफिसात दुपारी ती डब्याचं झाकण काढत असतानाच शिरवळहून फोन आला. कारखान्यात क्रेनची साखळी तुटली होती. खाली तिचा नवरा, धनाजी, उभा होता.

तो तिथं का उभा होता, हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

संगणकाला माणसाचं बोलणं शिकवायचं, हे तिचं काम. पुरात अडकलेला माणूस फोनवर जिवाच्या आकांतानं ओरडतो. मागं पाऊस, बोटीचं इंजिन, पोराबाळांची रडारड. त्यातूनही त्याचे शब्द आणि गावाचं नाव संगणकानं बिनचूक लिहावं, म्हणजे बोट वेळेत पोचते. त्या शिकवणीला नुसता गोंगाटही लागतो, ज्यात कुणीच बोलत नाही असा. अपघाताच्या आदल्या दिवशी फोनवर तिनं नवऱ्याकडं तोच मागितला होता.

“आवं, मशीनजवळ चार मिनिटं मोबाईल धरा. पण मधी एक शब्दबी बोलू नका. बोललात की सगळं वाया.”

“लग्नापास्नं गपच हाय की मी,” धनाजी हसला होता. “आता त्याचंबी रेकॉर्डिंग पायजे व्हय गं?”

कपड्यांबरोबर त्याचा मोबाईल परत आला. त्यात ते रेकॉर्डिंग होतं. मशीनची घरघर, तिसऱ्या मिनिटाला एक जड आवाज, मग पुन्हा घरघर. माणसाचा आवाज कुठंच नव्हता. धनाजी शेवटपर्यंत गप्प राहिला होता.

चौदाव्यानंतर ती कामावर गेली. त्यानं केलेलं वाया जाऊ नये, म्हणून तिनं ते रेकॉर्डिंग संगणकाला ऐकवलं. पडदा कोरा राहायला हवा होता. हळूहळू एक ओळ उमटली.

दीपा आता बोलू का

बंद खोलीत मशीनच्या तापलेल्या तेलाचा वास आला.

तिनं कामावरच्या साहेबांना, लालासाहेबांना, बोलावलं. ओळ वाचून ते खाली बसले. “ताई, रिकाम्या आवाजात शब्द ऐकायची याला खोडच आहे. असाच सोडला तर पुरात कुणी न बोललेलं गाव लिहील, आणि बोट भलतीकडं जाईल. ‘बोलणं नाही’ अशी खूण करा. मग या आवाजात पुन्हा काही लिहिणार नाही.”

“पुन्हा... कधीच?”

“कधीच. थांबा, माझ्यासमोर एकदा लावा.”

एकच रेकॉर्डिंग कितीदाही ऐकवलं तरी संगणक तेच लिहितो. आजवर त्यात कधी फरक पडला नव्हता.

दीपा चार मिनिटं कवाच झाली

लालासाहेबांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. “तुमचं नाव... याला कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाई.”

ते उठले आणि बाहेर गेले. दीपमालानं हेडफोन कानाला लावला. घरघर, जड आवाज, घरघर.

“बोला,” ती पुटपुटली. “बोला की... ऐकतीय मी.”

तिच्या कानात नुसतं मशीन चालू होतं. पडद्यावर मात्र एकामागून एक ओळी उमटत होत्या.

या पावसाळ्यात तो शिकवलेला संगणक पूरनियंत्रण कक्षाकडं जायचा आहे. बाकीची सगळी रेकॉर्डिंग तपासून झाली. त्या एकावर खूण करायची राहिली आहे.