राऊळांच्या घरची डोळेवाली फुलपाखरं

"माझी लेकरं कुणीतरी बदलली हो!"

हिंदमाताला, साड्यांच्या दुकानावरच्या गुप्तहेर ऑफिसात हितेंद्र ताडकन उभा राहिला. मावसबहीण दर्शनाच्या हाताखाली बिचाऱ्याने आजवर लग्नाआधीच्या चौकशाच केलेल्या. त्याने पेन काढलं. "कुठल्या हॉस्पिटलात, काका?"

"हॉस्पिटलात कसली रे? चिंचपोकळीला, आमच्या गॅलरीत!"

जयवंत राऊळ विमा कंपनीतून निवृत्त झालेले आणि फुलपाखरांपायी पार वेडे झालेले. त्यांनी टेबलावर एक डबी आणि जाळीचा खोका ठेवला. डबीत टाचणीला लावलेली मादी, अगदी वाळक्या पानासारखी. खोक्यातल्या तिच्या पिल्लांच्या पंखांवर मात्र ठसठशीत काळे डोळे.

"ही नवी प्रजाती आहे. रविवारी आमच्या फुलपाखरू मंडळाच्या हॉलमध्ये जाहीर करणार होतो, नावसुद्धा ठरलंय. अंडी तिने माझ्या डोळ्यांदेखत याच खोक्यात घातली. सुरवंट मोठे झाल्यावर मी पंधरा दिवस गावी, मालवणला जत्रेला गेलो. जाताना खोक्याच्या तोंडाला आमच्याकडच्या खलाशांची गाठ मारली. आलो तर गाठ तशीच, आणि आत ही कुठेही दिसणारी फुलपाखरं! आता लोक हसतील मला."

"नाव कुणाचं देणार होतात?" दर्शनाने विचारलं. काका उगाच घसा खाकरत बसले.

तिने खोका निरखला. आतल्या गवताला रिकामे कोश लटकत होते. खोक्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवरची शाई फुटली होती. बुडाला पांढरी भुकटी होती, ती तिने बोटावर घेऊन हुंगली.

"गॅलरीत थंडी होती?"

"गोधडीशिवाय झोप नाही!"

चाळीत पहिला संशयित शेजारचा स्वप्नील. त्यालाही फुलपाखरांचा नाद, आणि नव्या प्रजातीची थट्टा त्यानेच केलेली. "काकांना म्हटलं होतं, नुसत्या रूपावर जाऊ नका. हवा बदलली की काही फुलपाखरं पेहराव बदलतात. पण ऐकतायत कुठे! आणि ती गाठ सोडवायला मला सात जन्म लागतील."

"हाच चोर," हितेंद्र कुजबुजला. "फार बोलतो."

काकांच्या पत्नी शैलाताई स्वयंपाकघरात होत्या. माघी गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरी. आत पाऊल टाकताच हितेंद्रचा चष्मा वाफेने आंधळा झाला.

"मी कशाला बदलू?" त्या फणकारल्या. "जाळीवरून पाणी शिंपडायला सांगितलं, शिंपडलं. आईच्या मायेने केलं हो."

चष्मा पुसत हितेंद्र गरजला, "स्वप्नीलला धरू या!"

"बस खाली," दर्शना म्हणाली. "बदललं कुणीच नाही. गाठ शाबूत, रिकामे कोश आतच. म्हणजे पोरं याच खोक्यातली. काका, अंडी तुम्ही पाहिलीत. मग आईच्या पोटी दुसऱ्या प्रजातीची पोरं कशी येतील? एकमेकांत जुळून ज्यांचा वंश पुढे चालतो ती एक प्रजाती, पंखांवर नक्षी कसली का असेना. आई गारठ्यात वाढली, म्हणून वाळकं पान झाली. पोरं वाढली उबेत, वाफेत."

"गॅलरीत कुठली वाफ?" काका चक्रावले.

"खोका गॅलरीत नव्हताच. बुडाला तांदळाची पिठी आहे, चिठ्ठी दमट झालीय. खोका होता मोदकपात्रावरच्या त्या फळीवर. हो ना, शैलाताई?"

शैलाताईंनी पदराला हात पुसले. "गारठली असती हो लेकरं. तुमचा जीव त्यांच्यात, म्हणून उबेला ठेवली."

काका मटकन पाटावर बसले. "गेली प्रजाती. गेलं नाव."

"कुणाचं एवढं नाव होतं?" शैलाताईंनी विचारलं.

काका मोदकपात्राकडे बघत पुटपुटले, "तुझंच."

शैलाताईंचे डोळे भरून आले आणि रागही आला. "लग्न झाल्यापासून 'ऐकलंस का'शिवाय हाक नाही मारली, आणि माझं नाव त्या किड्याला?"

"रविवारी सगळ्यांसमोर घेणार होतो. घरात लाज वाटते."

"मग रविवारी चुकलो म्हणून सांगा. मी बसेन पहिल्या रांगेत."

हितेंद्र मोदकांवर डोळा ठेवून होता. पण हात पुढे केला काकांनी. कानापर्यंत लाल होत ते म्हणाले,

"शैला, एक मोदक दे."

शैलाताईंनी दोन वाढले, वर तूप घालून.